पुढच्या ब्रेकचा नट

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नववीला गतीचे नियम आले की माझं एक उदाहरण ठरलेलं असायचं. मोटारसायकलचा ब्रेक मारला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी खरी थांबते ती पुढच्या ब्रेकनं. फळ्यावर दोन चाकं काढायची, बाण काढायचे, मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचं. आणि शाळा सुटल्यावर हा गुरुजी ज्या मोटारसायकलवरून घरी जायचा, तिचा पुढचा ब्रेक त्यानं स्वतःच्या हातानं निकामी करून ठेवलेला होता.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. आमच्या वळसंग गावात कुणाला येणार नाही. आमच्याकडे गाडी शिकायची म्हणजे पहिला धडा हाच, की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. लावलास की हँडलवरून पलीकडे. मला गाडी शिकवली ती एका चुलतभावानं. त्यानं मला आधी गाडीवर बसवलंच नाही, पुढच्या चाकाजवळ उकिडवं बसवलं. ब्रेकची केबल खाली चाकापाशी जिथे संपते तिथे एक छोटा नट असतो. तो आवळला की ब्रेक कडक, सोडला की ढिला. चुलतभावानं तो उलटा फिरवत फिरवत आट्यांच्या पार टोकाला आणला. मग वरचा लिव्हर दाबून दाखवला. लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकला आणि खाली चाकाला त्याचा पत्ताही नव्हता. नवी गाडी आली की नारळ फोडायचा, हँडलला हार घालायचा आणि हा नट सोडायचा. गावातल्या निम्म्या गाड्यांचे पुढचे ब्रेक असे शोभेचे होते.

सोलापुरात नोकरीला लागल्यावर मी स्वतःची गाडी घेतली तेव्हा मात्र ठरवलं होतं, की आपण शिकलेली माणसं, आपण असलं काही करायचं नाही. ते शहाणपण चार महिने टिकलं. होटगी रस्त्याला खडी पसरलेली होती, समोर कुत्रं आलं, मी पुढचा ब्रेक कचकन दाबला आणि तोंडावर आपटलो. पुढचा एक दात गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं मागं हसत होती ते मला ऐकू येत होतं. खडीवर कुठलाही ब्रेक असा दाबला तर माणूस पडणारच, त्यात ब्रेकचा काय दोष, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला राग आलेला होता, आणि मला राग आला की मी कुणाचं ऐकत नाही, स्वतःचंही नाही. पुढचं चाक मोडलं होतं, ते ब्रेकच्या आतल्या सामानासकट नवं घालून आणलं आणि त्याच संध्याकाळी पाना घेऊन बसलो, नट पार टोकाला नेऊन ठेवला.

इथपर्यंत सगळं माझं माझ्यापाशी होतं. मी हळू चालवायचो, मागच्या ब्रेकवर भागवायचो.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, म्हणून दहावीनंतर मी त्याला सोलापुरात माझ्याकडे आणलं, आयटीआयला घातलं. तो हाताचा मोठा गुणी. घरातला पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, काहीही उघडून जोडायचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याला लेथवर घेतलं होतं आणि दिवाळीनंतर कायम करतो असं सांगितलं होतं. सकाळी सहाला कारखान्याची बस चौकात यायची. एके दिवशी त्याची बस चुकली. मी मोरीपाशी दात घासत होतो. तो पळत आला आणि गाडी नेऊ का म्हणाला. मी खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट दाखवलं.

तो गाडी चालवायला शहरात शिकला होता, मित्रांच्या नव्या गाड्यांवर. त्यांचे दोन्ही ब्रेक लागायचे. माझी गाडी त्यानं आधी कधी चालवली नव्हती. तो गेट उघडत होता तेव्हा मला आठवलं, की याला पुढच्या ब्रेकचं सांगायला पाहिजे. तोंडात फेस होता. चूळ भरून बाहेर येईपर्यंत तो कोपऱ्यापर्यंत पोचला होता. मी हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. पण म्हटलं, आता कुठं ओरडायचं, संध्याकाळी सांगू.

बाळे गावाच्या पुढं, पुण्याच्या रस्त्याला, उसाची ट्रॉली त्याच्यासमोर एकदम थांबली. मागचा ब्रेक दाबल्यावर गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीखाली शिरली. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं, आत स्टीलची पट्टी, आठ महिने अंथरूण. पाय वाचला पण पुरता वाकत नाही. कारखान्यानं वाट पाहिली नाही, आणि लेथवर आठ तास उभं राहणं त्याला आता जमणारही नव्हतं. पुढे तो एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या आणि पिशव्यांत भरायच्या. आजही तेच करतो.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो मला काय म्हणाला ते मी विसरू शकलो असतो तर फार बरं झालं असतं. पायाला वजन टांगलेलं होतं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "अण्णा, म्या पुढचा ब्रेक दाबला हुता. पार मुठीपतूर दाबला. गाडी थांबलीच न्हाय की."

तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. मी त्याच्या उशाशी स्टुलावर बसलो आणि त्याला विज्ञान शिकवलं. म्हणालो, "तुला तसं वाटतंय. भीतीनं माणूस गोठतो. मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचतच नाही. आपण दाबला असं वाटतं, पण अशा वेळी हात उठत नाही."

आमच्या घरात मी शिकलेला. त्यानं लहानपणापासून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावलेली. त्यानं तेव्हाही डोलावली. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

नंतर गाडी दुरुस्तीला टाकली. पुढची रिम वाकली होती, ती बदलली. ज्यानं बदलली तो म्हणाला, केबल फारच ढिली आहे, आवळून देऊ का. मी म्हणालो, राहू द्या. नट आवळला असता तर आधी तो ढिला होता हे मान्य केल्यासारखं झालं असतं, निदान माझ्यापुरतं. म्हणून जो नट माझ्या भावाचा पाय घेऊन गेला, तो मी होता तिथेच ठेवला आणि त्याच गाडीवर निवृत्त होईपर्यंत शाळेत जात राहिलो. भाऊ पुन्हा कधी गाडीवर बसला नाही. सिटी बसनं जायचा, बस नसली तर लंगडत चालत जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, माझीच चूक होती. मी तिथे असलो तर पेपर उचलून वाचायला लागायचो.

यंदा त्याच्या मुलीला केगावच्या बाजूला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. एकुलती एक पोर, अठरा पूर्ण झालेली, बापासारखीच हाताची गुणी. निवृत्तीनंतर घरी नुसती उभी असलेली माझी गाडी तिला हवी होती. म्हणाली, काका, इंजिन चांगलं आहे, फक्त पुढं डिस्क ब्रेक बसवून घेऊ. मोबाईलवर तिनं मला दोन-तीन व्हिडिओही दाखवले. जुन्या गाडीला नव्या गाडीचं पुढचं चाक आणि ते धरणारा फोर्क कसा बसवतात ते तिनं मला असं समजावून सांगितलं, की मी विद्यार्थी आणि ती गुरुजी.

मी तिला घेऊन वरच्या मजल्यावर भावाकडे गेलो. तो जेवत होता. सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. पोरीनं कारण विचारलं, लायसन्स काढलंय, हेल्मेट घालीन, हळू चालवीन, सगळं सांगून झालं. तो ताटातच बघत होता. शेवटी म्हणाला, "तू माझ्यावर गेलीस. आपल्या अंगातच खोट हाय. येळेला हात उठत न्हाय आपला."

पोरगी रडत आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. वाक्य माझं होतं. स्टुलावर बसून मी एकदा बोललो आणि उठून घरी गेलो, आणि तो गेली वीस वर्षं त्या वाक्याबरोबर राहत होता. मला वाटत आलेलं, की तो वेग जास्त होता म्हणून स्वतःला दोष देतो. वेगाचा दोष माणूस विसरतो. स्वतःचा हातच आपला नाही, असं मानून तो जगत होता, आणि आता तेच वारशात पोरीला देत होता.

एवढं कळल्यावर तरी मी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. मी भित्रा माणूस आहे आणि भित्र्या माणसाला आधी काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतं. ब्रेक एकदम उत्तम करून घेऊ, भावाला दाखवू, म्हणजे तो आपोआप हो म्हणेल, असा हिशेब मी केला. दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत विजापूर वेशीतल्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरीचे मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, हात कायम काळे. त्यांचा नातू एके काळी माझ्या वर्गात होता, त्यामुळे मला मास्तर म्हणतात आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

डिस्कचं ऐकून त्यांनी नाक मुरडलं. फोर्क बदला, हब बदला, वरचा पंप बसवा, एवढं करून गाडी जुनी ती जुनीच. आधी आहे तो ड्रम उघडून बघू, नीट लागत असला तर पोरीला पुष्कळ झाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी चाक काढलं, ड्रमचं झाकण बाजूला केलं आणि आतली धूळ फुंकली. ड्रममध्ये आतून घासून चाक थांबवणारे दोन अर्धगोल तुकडे असतात, त्यावर लायनर असतो. गाडी वापरली की तो झिजतो. मिस्त्रींनी तो हातात घेतला, उजेडात धरला, चष्मा वर करून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "ये ब्रेक कबी दबायच नै क्या तुमी? कंपनीका नंबर बी वैसाच है इसपे."

खरंच होतं. लायनरवर कारखान्यातून छापून आलेले बारीक आकडे तसेच्या तसे होते. एवढी वर्षं गाडी पळाली, टायर झिजून बदलले, चेन बदलल्या, इंजिन दोनदा उघडलं, आणि हा लायनर कोरा. मला ते आकडे बघवेनात. मी म्हणालो, मी मागच्याच ब्रेकवर चालवायचो. ते म्हणाले, चालवत असाल, पण कधीतरी माणूस घाबरून दाबतोच की, त्याचा तरी ओरखडा दिसला असता. कुणी दाबलाच असेल तर इथपर्यंत काही पोचलेलंच नाही. आणि टोकाला गेलेल्या नटाकडे बोट दाखवून ते चहा सांगायला उठले.

त्यांना काही माहीत नव्हतं. ते फक्त यंत्राबद्दल बोलत होते. ज्याला मी भास म्हणालो होतो त्याचा पुरावा त्यांच्या हातात होता. माझ्या भावानं मुठीपर्यंत दाबला होता आणि इथपर्यंत काही पोचलं नव्हतं.

लायनर जुना असल्यामुळे कडक झाला होता म्हणून त्यांनी नवा घातला. नवी केबल टाकली, ड्रम घासून साफ केला, आणि नट आवळत आवळत मधूनमधून चाक हातानं फिरवून बघत राहिले. घासतही नाही आणि ढिलाही नाही, अशा जागी आणून थांबले. मग मला म्हणाले, फेरी मारून या. मी रस्त्यावर घेतली. मोकळ्या जागी थोडा वेग दिला आणि दोन बोटांनी लिव्हर हळूच दाबला. गाडी पुढून जराशी वाकली आणि जागच्या जागी थांबली. ना घसरली, ना उलटली. शाळेत फळ्यावर काढायचो अगदी तशी थांबली. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि रिक्षावाले हॉर्न देत होते तरी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. पाच मिनिटांचं काम होतं ते. त्या दिवशी सकाळी नाही तर आदल्या कुठल्याही संध्याकाळी पाना घेऊन पाच मिनिटं बसलो असतो.

घरी आलो तर भाऊ नुकताच कामावरून आला होता. आमचं घर एकच, मी खाली राहतो आणि तो वर. तो जिन्याच्या पायरीवर बसून गुडघा चोळत होता. वर जायच्या आधी तो रोज असा बसतो. मी गाडी लावली आणि त्याच्या खालच्या पायरीवर बसलो. ब्रेक चांगला झालाय, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. निघालं ते दुसरंच.

मी त्याला सगळं सांगितलं. नट कधी सोडला, का सोडला, त्या सकाळी गेटपाशी मला आठवलं होतं आणि मी हाक मारली नाही. दवाखान्यात तो खरं सांगत होता आणि मी खोटं बोललो. आज लायनर काढला तो कोरा निघाला. एकदा बोलायला लागल्यावर मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर मध्येच कुठेतरी स्वतःची बाजू घेतली असती.

तो शिवी घालेल, उठून जाईल, अंगावर येईल, माझी सगळ्याची तयारी होती. त्यानं फक्त विचारलं, "मंजी म्या दाबला हुता?"

मी हो म्हणालो.

"दाबला हुता," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मला नव्हे. आणि मग तो रडायला लागला. माझा भाऊ दोन ऑपरेशनांत रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो तर त्यानं खांदा बाजूला घेतला. बरोबरच होतं त्याचं.

सावरल्यावर त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. म्हणाला, पोरीला गाडी द्यायची, शिकवायला मी स्वतः मागं बसणार, तू यायचं नाही. मी मान हलवली. मला वाटलं, एवढ्यावर सुटलो. तो उठायला लागला, कठडा धरला आणि पुन्हा खाली बसला.

"पोरगी ल्हान हुती तवा म्या तिला घिऊन ह्यो जिना कदी उतरलो न्हाय," तो म्हणाला. "हातातनं सुटली तर येळेला हात उठायचा न्हाय, आसं वाटायचं. तिला कडंवर बी घेतलं न्हाय मी. तिच्या आईला आजून वाटतंय, मला पोरगी नको हुती म्हनून. तिला तू सांग. मी न्हाय सांगनार."

त्याच्या बायकोला तसं वाटतं हे मला माहीत होतं. ते तिच्या डोक्यात कुणी घातलं हेही माहीत होतं. बारशाच्या दिवशी पाळण्यात घालायला बाळ बापाच्या हातात देत होते आणि तो मागं सरकला. तेव्हा भरल्या घरात, तिच्या माहेरच्या माणसांसमोर मीच त्याला सुनावलं होतं, "मुलगी झाली म्हणून हात लावायला लाज वाटते का रे तुला?" मला पुढारलेल्या विचारांचा फार अभिमान होता. पाहुण्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं होतं. ती पाळण्याची दोरी धरून खाली बघत उभी होती आणि तो लंगडत बाहेर निघून गेला होता.

मी वर गेलो. ती भाकरी थापत होती. मला स्वयंपाकघराच्या दारात बघून तिनं हात थांबवला आणि अण्णा, काय पाहिजे, म्हणून विचारलं. मी तिला गॅस बंद करायला सांगितला. म्हणालो, "जरा बस. बारशाला मी जे बोललो होतो ना, ते खोटं होतं."

तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "कुटलं?" ते वाक्य आता मला तिच्या तोंडावर पुन्हा म्हणून दाखवायचं होतं.